पत्र्याआडचा धूर

विश्रामबाग, सांगली
गुरुवार

प्रिय आप्पा,

माफीचं पत्र मी लिहून देणार नाही. हे पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे तुम्हाला शेवटचं पान आधी उलटून बघावं लागणार नाही. मंगळवारी तुमचा फोन आला तेव्हा मी ‘बघते’ म्हणाले खरी, पण बघण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही म्हणालात, “चार वळी तर लिहायच्या हायत. साहेब म्हणत्यात, पोरगी लहान हाय, चुकलं म्हणू दे, आमी इसरून जातो.” तेवढ्यात तुमच्या मागे कुणीतरी खोकलं आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हणजे तुम्ही गेटवरच्या खोलीतून बोलत नव्हता, संस्थेच्या ऑफिसात उभे होता. तिथे तुम्हाला काही उलट विचारणं मला बरं वाटलं नाही, म्हणून गप्प बसले. हे पत्र कोंडीबामामांच्या हाती देते आहे, ते सध्या सांगली-दहिवडी गाडीवर ड्रायव्हर आहेत. शनिवारी तुम्ही घरी याल तेव्हा आई ते तुम्हाला देईल. तिला वाचून दाखवलंत तरी चालेल. तिच्यापासून लपवावं असं मी काही केलेलं नाही.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, खोलीवरच्या दोघी मुली चांगल्या आहेत. सव्वा महिना मी हातावर हात ठेवून बसले आहे अशी आईची समजूत झाली आहे, ती काढून टाका. कामाचं पुढे लिहिते. आणि फोनवर तुम्ही एकदा नाही, तीनदा विचारलंत की ती स्वप्नाली माझ्याशी बोलते का. मी ‘कधीतरी’ म्हणून टाळलं. त्याचंही लिहिते.

चार डिसेंबरला साताऱ्याला, तुम्ही गेट सांभाळता त्या नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात काय झालं हे तुम्ही संस्थेच्या शंभूराज साहेबांकडून ऐकलंत, रेक्टर मॅडमकडून ऐकलंत. माझ्याकडून कधी ऐकलंच नाहीत. मी आले होते बॉयलरच्या वर्षाच्या सर्व्हिसिंगला. आमच्या सम्मेदसरांनी दोन वर्षांपूर्वी तो बसवला तेव्हा नळ्या भिंतीबाहेर काढायचं काम मीच केलं होतं, त्यामुळे त्या बॉयलरची मला जरा जास्त काळजी. एसटी स्टँडवरून रिक्षाने आले तर इमारत ओळखू येईना. समोरची सगळी भिंत निळ्या चकचकीत पत्र्यांनी मढवलेली. कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणीची माणसं येणार होती ना, त्यासाठी. तुम्ही गेटवरून कौतुकाने म्हणालात, “कशी दिसती? लय भारी केलीया न्हवं?” मी वर बघत होते. दुसऱ्या मजल्यावर, बाथरूमांशेजारच्या खोलीतून आमच्या दोन नळ्या बाहेर यायच्या. त्या कुठे दिसेनात. तुम्हाला वाटलं, मी इमारत बघते आहे.

हा बॉयलर आपल्या जुन्या बंबासारखा नाही, आप्पा. बंबाचा धूर गरम असतो, तो आपसूक वर निघून जातो. इथे गॅसच्या धुरातली बहुतेक ऊब पाणी तापवायलाच काढून घेतात, म्हणून गॅस कमी लागतो. पण मग जो धूर उरतो तो कोमट आणि दमट असतो, त्याला स्वतःहून वर जायचा जोर नसतो. पंख्याने ढकलून त्याला एका नळीतून उघड्या हवेत सोडावं लागतं, आणि जाळायला लागणारी ताजी हवा दुसऱ्या नळीने बाहेरूनच आत घ्यावी लागते. दोन्ही तोंडं मोकळी पाहिजेत, एवढी एकच गोष्ट तो मागतो. पत्रे ठोकणाऱ्यांनी दोन्ही तोंडं पत्र्याआड घातली होती. भिंत आणि पत्रा यांच्यात वीतभर जागा. धूर त्या वीतभर जागेत कोंडायचा, शेजारची नळी तोच धूर परत आत ओढायची, आणि बॉयलर दिवसचे दिवस स्वतःचाच धूर खाऊन जळत होता. असं झालं की ज्योत नीट जळत नाही, आणि जो विषारी वायू तयार होतो, कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. मुलींच्या बाथरूमची वरची झरोक्याची खिडकीही त्याच पोकळीत उघडत होती.

मी तो वायू मोजायचा मीटर चालू केला. बाहेरच्या व्हरांड्यात आकडा चाळीस. बाथरूममध्ये गेले तर नव्वद, दोन मिनिटांत दीडशे, मग मीटर ओरडायला लागला आणि मी श्वास रोखून बाहेर आले. तो आवाज ऐकून एक मुलगी खोलीतून डोकावली. तीच स्वप्नाली. आपल्या माणचीच, म्हसवडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातून नर्सिंगला आलेली पहिली पोरगी. तिने विचारलं, “ताई, हे कशाचं मशीन हाय?” मी सांगितल्यावर ती म्हणाली की सकाळी अंघोळ झाली की आठ-दहा जणींचं डोकं ठणकतं, एकदा ती स्वतः नळाखालीच बसली होती, उठवेना. रेक्टर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, परीक्षा जवळ आली की पोरींची डोकी दुखतातच, त्यातून उपास करतात. स्वप्नालीने हे हसत सांगितलं. तिला खरंच वाटलं होतं की आपण गुरुवार धरतो म्हणून चक्कर येते.

मी गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याचा दांडा नट काढून पिशवीत टाकला आणि ‘चालू करू नये’ अशी लाल पट्टी बांधली. हेच माझं काम आहे. त्यासाठीच मला ठेवलं होतं.

एक गोष्ट तुम्ही विसरला नसाल असं मी धरून चालते. दोन वर्षांमागे दिवाळीत मी हा मीटर पहिल्यांदा घरी दाखवायला आणला होता. आई चुलीपुढे बसली होती, दार लोटलेलं होतं आणि मीटर वाजायला लागला. तुम्ही तो हातात घेतलात, बराच वेळ उलटसुलट करून बघितलात आणि म्हणालात, “ह्यो तवा आसता तर.” मग तुम्ही तुमच्या फौजेतल्या मानसिंगकाकांचं सांगितलंत. लडाखातली चौकी, खोली तापवायची बुखारी पेटवलेली, तिच्या धुराच्या नळीच्या तोंडावर बर्फ साचलेला. सकाळी तुम्ही उठलात, ते उठले नाहीत. तुम्ही दाराच्या फटीजवळ झोपला होता म्हणून वाचलात. “झोपल्यावाणी दिसत हुता,” तुम्ही म्हणालात, “गालावर लाली हुती. मला वाटलं बरा हाय.” अठरा वर्षांत तुम्ही ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आईसुद्धा भाकरी थापायची थांबली होती. म्हणून त्या दिवशी साहेबांनी तुम्हाला वर बोलावून घेतलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मला वाटलं, या सगळ्या इमारतीत मी काय म्हणते ते समजणारा एकच माणूस आहे आणि तो जिना चढून येतो आहे.

साहेब आधी माझ्याशी चांगलं बोलले, हे खरं आहे. म्हणाले, चार दिवसांनी तपासणी आहे, ती होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, तेवढे दोन पत्रे आजच कापा, नळ्या बाहेर काढू द्या, तासाभरात मी स्वतः चालू करून देते. ते म्हणाले, समोरच्या भिंतीला भोक पाडलेलं चालणार नाही. मी म्हटलं, मग पाणी गार राहील. तेव्हा त्यांनी विचारलं, “तानाजीची पोर ना तू?” आणि तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, टोपी काढून हातात घेतलीत आणि फरशीकडे बघत म्हणालात, “आगं, ऐक जरा साहेबांचं.” बहात्तर मुलींपैकी निम्म्या तरी व्हरांड्यात उभ्या होत्या. माझ्या कामावर शंका घेतली असतीत तर मी भांडले असते. तुम्ही तर मला नीट बघितलंही नाहीत. मी पिशवी उचलली आणि तुमच्या शेजारून खाली उतरले. रिक्षा मिळेपर्यंत मी गेटबाहेर उभी होते. तुम्ही खाली आला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सम्मेदसरांनी मला ऑफिसात बसवून घेतलं. माणूस वाईट नाही, आप्पा. ते स्वतः साताऱ्याला जाऊन पत्र्याआडच्या नळ्या बघून आले आणि परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, “तुझं बरोबर आहे.” पण त्या संस्थेची आणखी तीन कॉलेजं आमच्याकडे आहेत. म्हणाले, थोडे दिवस घरी राहा, एक माफीचं पत्र देऊन ठेव, वातावरण निवळू दे. मी म्हटलं, बरोबर आहे तर माफी कशाची. मी मीटर त्यांच्या टेबलावर ठेवला आणि खोलीवर आले.

आता माझी चूक लिहिते, कारण तुम्ही सगळे मला जी चूक कबूल करायला सांगता त्यापेक्षा ती मोठी आहे. त्याच दिवशी मी साताऱ्याच्या सरकारी कचेरीत तक्रार द्यायला हवी होती. कागद लिहून तयार होता. दोन दिवस तो माझ्या उशाखाली होता. मी दिला नाही, कारण गेटवर तुम्ही होता. साहेब राग तुमच्यावर काढतील, म्हातारपणी तुम्हाला ती खोली सोडून जावं लागेल, हा विचार मी केला. व्हॉल्व्हचा दांडा माझ्याकडे आहे, कुणी चालू करू शकणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली. आठ दिवस मी तुमच्यासाठी गप्प बसले. त्या आठ दिवसांत कुणीतरी प्लंबर आणून पान्याने तो व्हॉल्व्ह फिरवला आणि बॉयलर पुन्हा सुरू झाला.

बारा तारखेला सकाळी काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पेपर होता, मुली पहाटेपासून रांगेने अंघोळीला. तिघी आत पडल्या. दोघींना मैत्रिणींनी ओढून बाहेर काढलं, स्वप्नालीचं दार आतून बंद होतं. पुढचं मला कळलं ते तिच्याच तोंडून, दवाखान्यातून सुटून ती म्हसवडला गेली तेव्हा. मी तिला भेटायला गेले होते. तिची आई, बयाबाई, मला आधी आत घेईचना, तिला वाटलं मी संस्थेकडून आले आहे. मग दूध दिलं. स्वप्नाली बाजेवर बसून होती. अजून वाचताना अक्षरं हलतात म्हणाली, अर्धं पान झालं की डोकं धरून बसावं लागतं. पेपर बुडालाच. पण जीव आहे, आणि डॉक्टर म्हणतात, हळूहळू सुधारेल. ती म्हणाली, “ताई, दार कुणी फोडलं मला काय म्हायती नव्हतं. शुद्ध आली तवा वॉचमन काकांनी मला खांद्यावर घेतल्यालं. जिन्यात हुतो आमी. काकांच्या पायात बूट नव्हतं. मला म्हणत हुते, डोळं मिटू नगं, बाय, डोळं मिटू नगं.”

आप्पा, हे ऐकल्यावर मी तिच्या घराबाहेर जाऊन उभी राहिले. रडत होते, आणि मला इतका अभिमान वाटत होता की तो कुणाला सांगावा हे कळेना. मी तुम्हाला त्याच वेळी फोन लावला होता, आठवतं? तुम्ही ‘गडबडीत हाय’ म्हणून ठेवलात. मला वाटलं, संकोच.

तेरा तारखेला मी तक्रार दिली होती. गॅस पुरवणाऱ्यांनी त्याच दिवशी गॅसची जोडणीच तोडली, त्यामुळे बॉयलर आता बंद आहे. पत्रे अजून तसेच आहेत. संस्थेचं म्हणणं असं की बॉयलर चार तारखेनंतर चालूच नव्हता, आणि मुलींनी आदल्या संध्याकाळी बाहेर पाणीपुरी खाल्ली, त्यातून विषबाधा झाली. दवाखान्यातही रेक्टर मॅडमनी तेच सांगितलं होतं, म्हणून कागदावर तेच चढलं.

कामाचं सांगते. मी घरी बसले नाही. इथे विश्रामबागेत कॉलेजच्या मुलामुलींच्या खोल्याच खोल्या आहेत, आणि जिथे मोठा बॉयलर नाही तिथे बाथरूममध्येच गॅसचा गिझर टांगलेला. खिडकीला थंडी नको म्हणून पुठ्ठा लावलेला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सम्मेदसरांच्या पत्नी, गुणमाला वहिनी, खोलीवर आल्या. पिशवीत मीटर होता. म्हणाल्या, “आमच्यात नुसता पडून आहे, तुझ्याकडे राहू दे. ह्यांना सांगितलंय मी.” तेव्हापासून मी रोज दोन-तीन घरं करते. आतापर्यंत एकतीस झाली. सात ठिकाणी मी घरमालकासमोर खिडकीची काच काढून ठेवायला लावली, चार ठिकाणी गिझर बाहेरच्या भिंतीवर हलवून दिला. एका आजोबांनी मला दारातून हाकललं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने परत बोलावलं. लोक आता मला ‘मीटरवाली’ म्हणतात. ऐकायला वाईट वाटत नाही. सम्मेदसरांनी परत बोलावलं तर जाईन, नाही बोलावलं तर हे चालू आहे. कुणाच्या मेहेरबानीने मला हे काम येत नाही, त्यामुळे कुणी ते काढूनही घेऊ शकत नाही.

तर काल, बुधवारी, माझ्या तक्रारीवरच्या चौकशीची नोटीस आली. सोबत संस्थेने दिलेल्या कागदांच्या प्रती. त्यात गेटच्या रजिस्टरचं अकरा-बारा डिसेंबरचं पान आहे. अकरा तारखेला संध्याकाळी १७३० वाजता तीन मुली खाण्यासाठी बाहेर, २०३० ला परत, उलटीची तक्रार. बारा तारखेला सकाळी १००० वाजता रेक्टर मॅडमच्या गाडीतून तिघींना दवाखान्यात नेलं. सहा-साडेसहाला दार फोडल्याची, मुलीला खांद्यावरून खाली आणल्याची, रिक्षा थांबवल्याची एकही ओळ नाही. सबंध सातारा शहरात रजिस्टरमध्ये फौजेतल्यासारखी चार आकडी वेळ लिहिणारा आणि सात आकड्याला मधून रेघ मारणारा एकच वॉचमन मला माहीत आहे. त्या पानावर आधीची ओळ कुठे खोडलेली नाही, शाई एकसारखी आहे. सगळं पान नव्याने, एका बैठकीत लिहिलेलं आहे. तुमचं अक्षर एरवी इतकं सुबक येत नाही. ते पान बघितलं आणि मला कळलं, मंगळवारी तुम्ही तीनदा स्वप्नालीचं का विचारत होता. तिने मला जिन्यातलं सांगितलं आहे का, हे तुम्हाला काढून घ्यायचं होतं.

तुम्हाला कुणी काय सांगितलं असेल त्याचा मी अंदाज करू शकते. पण कागदावर हात तुमचा चालला आहे. दार फोडताना कुणी हुकूम दिला नव्हता, ते तुम्ही केलंत. तेच तुम्ही स्वतःच्या हाताने झालं नाही म्हणून लिहिलंत. स्वप्नालीच्या घरच्यांना आता सगळे सांगतात की पोरगी पाणीपुरी खाऊन आजारी पडली, आणि तिची आई तिला विचारते की खोटं का बोलतेस.

सोमवारी अकरा वाजता मला साताऱ्याला बोलावलं आहे. ते पान माझ्यासमोर ठेवतील. मी सांगणार आहे की हे अक्षर माझ्या वडिलांचं, माजी हवालदार तानाजी यांचं आहे, आणि यात लिहिलेलं खोटं आहे. मग काय घडलं ते सांगेन. साहेबांनी मला काही म्हटलं तरी सांगेन, तुमची नोकरी गेली तरी सांगेन, तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत तरी. एकदा तुमच्यासाठी गप्प बसून मी तीन पोरींना त्या बाथरूममध्ये पाठवलं, आता बसणार नाही. हे तुम्हाला त्या खोलीत, चार परक्या माणसांदेखत, साहेबांच्या मागे उभं असताना पहिल्यांदा ऐकायला लागू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. मी तुमच्याकडे परवानगी मागत नाही, आणि तुम्ही यावं अशी गळही घालत नाही. पण सोमवारी माझ्या आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत, तर ते अक्षर कुणाचं हे सांगायची वेळ माझ्यावर येणार नाही. पत्र शनिवारी तुमच्या हातात पडेल. रविवार सगळा तुमचा आहे.

तुमचीच,
उत्कर्षा